कैलासनाथाचे शेजारी

महाशिवरात्रीचे पर्व आले, की अवघ्या वऱ्हाडभर पहाटेपासून शिवनामाचा गजर सुरू होतो. आमच्या लोणार क्षेत्री सरोवराच्या काठावरील पुरातन शिवालयांपासून ते खेड्यातल्या पिंपळाखालच्या पिंडीपर्यंत, सर्वत्र बेलाची पाने आणि पाण्याची धार चढते. रात्री जागराचे कीर्तन उभे राहते आणि त्यात पहिले वर्णन येते ते कैलासाचे. हिमाने शुभ्र झालेले ते शिखर, तो नंदी, ते शिवगण श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे साक्षात उभे राहतात. तथापि एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानी येत नाही. कैलास हे केवळ पुराणातले स्थान नव्हे. तिबेटच्या पठारावर, सुमारे सहा हजार सहाशे मीटर उंचीवर, तो पर्वत आजही उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी हाडामांसाची माणसे राहतात. ती माणसे आज आपल्याच घरात परकी झाली आहेत. ज्याला कैलास पूज्य, त्याला कैलासाच्या शेजाऱ्यांचे दुःख परके असता कामा नये, एवढाच विचार आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

सणाच्या पानावर हे राजकारण कशाला, अशी शंका कोणी घेईल. ती अस्थानी नाही. परंतु तिचे उत्तर आपल्या आचारातच आहे. क्षेत्र आणि क्षेत्रस्थ यांची फारकत आपल्या परंपरेने कधी केली नाही. देवळाचे माहात्म्य सांगताना तेथल्या गुरवाचे, पुजाऱ्याचे, यात्रेकरूला पाणी देणाऱ्याचे आणि वाट दाखवणाऱ्याचे पुण्यही आपण सांगतो. कैलासाची वाट शतकानुशतके ज्यांनी राखली ते तिबेटी लोक होत. त्या शिखराला ते ‘कांग रिंपोछे’, म्हणजे हिमाचे अमोल रत्न, असे म्हणतात. सुमारे बावन्न किलोमीटरांची त्याची प्रदक्षिणा ते दंडवत घालत पुरी करतात. हिंदूंना तेथे महादेव दिसतो, जैनांना आदिनाथांचे निर्वाणस्थान, बौद्धांना आपले आराध्य, तर तिबेटच्या प्राचीन बोन पंथीयांना आपले मूलपीठ. चार धर्मांनी एका पर्वताला वंदन करावे आणि त्यावरून तंटा होऊ नये, हे ज्या भूमीत घडले, त्या भूमीच्या लोकांविषयी आपल्याला आस्था नसावी काय?

त्यातही आपण वैदर्भीय. आपला आणि तिबेटचा संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आणि जवळचा आहे. कविकुलगुरू कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवरून मेघाला निरोप देतो, तो आपल्या विदर्भातला रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. त्या मेघाची वाट रामटेकापासून थेट कैलासाच्या कुशीतील अलकेपर्यंत जाते. हे ‘मेघदूत’ चौदाव्या शतकात तिबेटी भाषेत गेले आणि तेथल्या ग्रंथसंग्रहात सन्मानाने बसले. आचार्य दंडीच्या ‘काव्यादर्शा’ची कथा तर याहून मनोरम आहे. वैदर्भ मार्गाचे दहा गुण सांगणारा हा ग्रंथ तेराव्या शतकात तिबेटीत उतरला. पुढे सतराव्या शतकात पाचव्या दलाई लामांनी स्वतः त्याच्यावर विवरण लिहिले. म्हणजे आपल्या प्रांताचे नाव लाभलेली काव्यशैली ल्हासाच्या मठांतून विद्यार्थी घोकीत होते, त्या काळी ती इकडच्या किती पाठशाळांत शिकवली जात होती, हे सांगणे कठीण आहे.

ऋण येथे संपत नाही. नालंदा-विक्रमशीला लयाला गेल्यावर ज्या संस्कृत ग्रंथांची इकडे पानेही उरली नाहीत, ते ग्रंथ तिबेटींनी अनुवादरूपाने, आणि काही मूळ पोथ्यांच्या रूपाने, जपले. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ पासून चार वेळा तिबेटची बिकट वाट तुडवली आणि मठांच्या दप्तरांतून अशा कित्येक पोथ्या उजेडात आणल्या. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या मूळ कारिका त्यांनी आणलेल्या छायाचित्रांवरून १९४६ साली संपादित झाल्या. ते काम केले ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. वा. वि. गोखले या मराठी पंडिताने. सारनाथ येथे १९६७ साली निघालेल्या तिबेटी विद्यासंस्थेत हरवलेले संस्कृत ग्रंथ तिबेटी अनुवादांवरून पुन्हा संस्कृतात आणण्याचे कार्य चालत आले आहे. ज्याने आपली ठेव हजार वर्षे सांभाळून परत केली, तो आज बेघर आहे. अशा वेळी आपण काय करावे, हे सांगण्यास शास्त्राधार शोधावा लागू नये.

तिबेटवर ओढवलेला प्रसंग थोडक्यात असा. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. मे १९५१ मध्ये सतरा कलमांचा करार तिबेटी प्रतिनिधींकडून करवून घेण्यात आला. त्यात तिबेटची अंतर्गत व्यवस्था, दलाई लामांचे स्थान आणि लोकांचा धर्म यांस धक्का लागणार नाही, असे वचन होते. ते पाळले गेले नाही. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात जनतेचा उठाव झाला, तो चिरडला गेला आणि महिनाअखेर तेवीस वर्षांचे चौदावे दलाई लामा भारताच्या आश्रयास आले. त्यांच्यामागून हजारो कुटुंबे हिमालय ओलांडून आली. त्यांतली काही आपल्या विदर्भात वसली. तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात, १९७२ साली नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली. त्याच प्रतापगडावर महाशिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते. कैलासाच्या छायेतून निघालेल्या माणसांना आसरा मिळाला तोही महादेवाच्याच पायथ्याशी! थंडीच्या दिवसांत नागपूर-अकोल्याकडे लोकरीचे कपडे विकणारी तिबेटी मंडळी आपण पाहतो, भाव करतो, स्वेटर घेतो आणि निघून येतो. तुमचे गाव कोणते, तेथे मागे कोण आहे, असे विचारणारा गिऱ्हाईक विरळाच.

या लोकांसाठी जगाने अगदीच आवाज उठवला नाही, असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९५९, १९६१ आणि १९६५ असे तीन ठराव केले. पहिला ठराव मांडला तो मलाया आणि आयर्लंड या दोन लहान देशांनी. १९६१ च्या ठरावात तिबेटी जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आला. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने तिबेटची जी चौकशी केली, तिच्या समितीचे अध्यक्षपद मुंबईचे कायदेपंडित पुरुषोत्तम त्रिकमदास यांच्याकडे होते. आपला देश पहिल्या दोन ठरावांच्या वेळी तटस्थ राहिला. मात्र १९६५ साली त्याने तिबेटच्या बाजूने मत दिले. त्या वेळी आमसभेत भारताची भूमिका मांडणारे प्रतिनिधी होते औरंगाबादहून निवडून आलेले आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात असलेले डॉ. रफिक झकेरिया. आमच्या बुलढाण्याच्या शिवेला लागलेल्या जिल्ह्याच्या एका मुसलमान लोकप्रतिनिधीने बौद्ध तिबेटसाठी जगापुढे उभे राहावे, यातच या प्रश्नाचे खरे स्वरूप दिसते. हा एका पंथाचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे.

आता तिबेटी लोक मागतात तरी काय? वेगळे राज्य हवे असे मानणारेही त्यांच्यात आहेत. पण दलाई लामांनी १९८८ पासून जगापुढे ठेवलेला मार्ग मध्यम मार्ग आहे. चीनच्या चौकटीत राहून खरीखुरी स्वायत्तता, एवढेच त्यांचे मागणे. २००२ ते २०१० या काळात उभयपक्षी चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. २००८ साली तिबेटी प्रतिनिधींनी आपली मागणी लेखी सादर केली आणि ती चीनच्या घटनेतील तरतुदींवरच उभी केली. चीनने नकार दिला आणि बोलणी खुंटली. वास्तविक चीनच्या घटनेचे चौथे कलम प्रत्येक जमातीला आपली भाषा वापरण्याची व वाढवण्याची मोकळीक देते. दिलेला शब्द पाळा, एवढे म्हणण्यात बंडखोरी कसली?

या शब्दाचे काय झाले, ते एका दुकानदाराच्या कथेवरून दिसेल. ताशी वांगचुक या तिबेटी व्यापाऱ्याने आपल्या भागात मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय उरली नाही, अशी तक्रार कायद्याच्या मार्गाने मांडली आणि एका परदेशी वृत्तपत्राला ती सांगितली. २०१६ च्या आरंभी त्याला अटक झाली आणि पाच वर्षे तुरुंगात काढावी लागली. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली, की सुमारे दहा लाख तिबेटी मुले घरापासून दूर निवासी शाळांत ठेवून चिनी भाषेत वाढवली जात आहेत. ज्या महाराष्ट्रात ज्ञानेश्वर माउलींनी गीतार्थ मराठीत आणला आणि जात्यावरच्या ओवीतून तो घराघरांत पोहोचला, त्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या लेकराला आजीची प्रार्थना कळत नाही, त्याच्यापुरती ती परंपरा संपलीच.

गुरुपरंपरेवरचा घाला तर याहून खोल आहे. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या एका बालकाला पंचेन लामांचा अवतार म्हणून मान्यता दिली. तीनच दिवसांत तो बालक आईबापांसह नाहीसा झाला आणि त्यानंतर तो जगाच्या दृष्टीस पडलेला नाही. त्याच्या जागी सरकारने आपल्या पसंतीचा दुसरा बालक बसवला. २००७ साली निघालेल्या फर्मानानुसार लामांच्या पुनर्जन्माला शासनाची मंजुरी लागते! जो पक्ष देव मानीत नाही, तो अवतार कोणाचा हे ठरवणार. एखाद्या संस्थानाच्या गादीवर कोण बसावे, हे नास्तिक राजसत्तेच्या कचेरीने ठरवले, तर आपण ते सोसू काय? २ जुलै २०२५ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, दलाई लामांनी जाहीर केले, की ही परंपरा पुढे चालेल आणि उत्तराधिकारी ओळखण्याचा अधिकार त्यांच्याच विश्वस्त संस्थेचा राहील. हे वाक्य राजकीय वाटत असले, तरी मूलतः ते धर्माचे आहे.

यावर दोन आक्षेप येतात. चीनने तेथे रस्ते केले, २००६ साली ल्हासापर्यंत आगगाडी नेली, जुनी सरंजामी व्यवस्था मोडली, असे सांगितले जाते. जुना तिबेट निर्दोष नव्हता, हे दलाई लामाही सांगत आले आहेत. परंतु घर दुरुस्त केले म्हणून घरधन्याला गप्प बसवण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. भारताने २००३ साली तिबेटचा स्वायत्त प्रदेश चीनचा भाग मानला, सीमेवर शांतता हवी, मग आपण का बोलावे? यावर आमचे म्हणणे असे, की शासनाला शासनाची बंधने असतात. समाजाला बोलण्याची मुभा असते आणि त्याने ती वापरली, तर शासनाचेही बळ वाढते. शिवाय ज्या प्रदेशाला मान्यता दिली, त्याच्या नावातच ‘स्वायत्त’ हा शब्द आहे. तो खरा ठरावा, असे म्हणणे मैत्रीच्या आड येत नाही.

पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ साली कैलास-मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली आणि साडेसातशे भाविकांना परवानगी मिळाली. या वार्तेने आम्हांसही आनंद झाला. तथापि यात्रेचे दार उघडले म्हणून दाराआडच्या माणसांना विसरू नये. जिजाऊ माँसाहेबांचे सिंदखेड राजा ज्या जिल्ह्यात आहे, तेथल्या लोकांना तरी स्वधर्म आणि स्वभाषा परक्याच्या मर्जीवर जगत नाहीत, हे सांगावे लागणार नाही.

तेव्हा वाचकहो, या महाशिवरात्रीला थोडेसेच करावे. प्रतापगडच्या यात्रेस जाणाऱ्यांनी शेजारच्या तिबेटी वसाहतीत पायधूळ झाडावी आणि वडीलधाऱ्यांची विचारपूस करावी. आपल्या भागाच्या खासदारांना पत्र लिहून विचारावे, की तिबेटी मुलांच्या भाषेविषयी आणि त्यांच्या गुरुपरंपरेविषयी संसदेत आपण काय बोललात? घरातल्या मुलांना कैलासाचे चित्र दाखवताना, तेथे कोण राहते, हेही सांगावे. आणि अभिषेकाच्या संकल्पात आपल्या कुटुंबाच्या क्षेमासोबत त्या भूमीच्या लोकांचे क्षेमही मागावे. महादेव आशुतोष आहे, भक्ताने दुसऱ्यासाठी मागितलेले तो आधी ऐकतो, अशी आमची श्रद्धा आहे.