सर्वोच्च बोली आणि सर्वोत्तम बोली

निविदांचे लिफाफे उघडले की दृष्टी प्रथम जाते ती रकमेकडे. ज्याचा आकडा मोठा तो विजयी, हा निकष सोपा आणि सकृद्दर्शनी निर्विवादही असतो. परंतु दूरसंचार किंवा केबल टीव्हीच्या जाळ्यासाठी लावलेली बोली ही पुढील दहा-पंधरा वर्षे पाळावयाचे वचन असते. वचनाचे मोल ते देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते, हे बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आपल्याच देशातील उदाहरण बोलके आहे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर १९९५ साली मूलभूत दूरध्वनी सेवेसाठी खासगी कंपन्यांकडून निविदा मागविण्यात आल्या. हिमाचल फ्युचरिस्टिक कम्युनिकेशन्सच्या गटाने नऊ सर्कलमध्ये सर्वोच्च बोली लावली. पंधरा वर्षांत द्यावयाची एकूण रक्कम होती सुमारे ८५,००० कोटी रुपये. कंपनीच्या तत्कालीन उलाढालीशी या रकमेचा मेळ बसत नव्हता. मग एका बोलीदारास किती सर्कल मिळावीत यावर शासनाने मर्यादा घातली. पण ती लिफाफे उघडल्यानंतर! फेरनिविदांना प्रतिसाद बेताचाच मिळाला आणि अखेरीस अवघ्या सहा सर्कलमध्ये मूलभूत सेवेचे खासगी परवाने दिले गेले.

ज्यांना परवाने मिळाले, त्यांनाही ठरलेले शुल्क पेलवेना. थकबाकी वाढली, वित्तपुरवठा आटला. शेवटी १९९९ च्या नव्या धोरणाने निश्चित शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. कागदावरील सर्वोच्च रक्कम तिजोरीत कधी आलीच नाही. ग्राहकाला मात्र दूरध्वनीसाठी आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली.

यावरून स्पर्धात्मक बोलीच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २००८ साली ‘प्रथम येईल त्यास प्राधान्य’ या पद्धतीने दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केले. स्पर्धा टाळणे हा उपाय नव्हेच. त्याचप्रमाणे महसुलातील वाटा घ्यावयाचा, तर ‘महसूल’ म्हणजे काय, हेही निःसंदिग्धपणे लिहिलेले हवे. या व्याख्येवरील दीर्घ वादाचा निकाल ऑक्टोबर २०१९ मध्ये शासनाच्या बाजूने लागला आणि कंपन्यांवर एक लाख कोटी रुपयांहून अधिक देणे येऊन पडले.

म्हणून आमच्या मते मूल्यमापनाचा क्रम बदलावयास हवा. प्रथम तांत्रिक क्षमता आणि आर्थिक पाठबळ यांची छाननी व्हावी आणि त्या कसोटीस उतरलेल्यांचेच आर्थिक लिफाफे उघडावेत. त्यानंतर बोलीची रक्कम भरण्यास ग्राहकसंख्या किती लागेल, दर काय ठेवावा लागेल आणि अंदाज निम्म्यावर आला तर काय, हे तपासावे. कर्जप्रस्तावाची छाननी करणारा अधिकारी नेमके हेच करतो. कमाल मर्यादा, गुण देण्याची पद्धत आणि हमीची रक्कम हे सारे निविदापत्रातच जाहीर असावे. निविदेच्या निर्णयापेक्षा तो कोणत्या रीतीने घेतला गेला याची तपासणी न्यायालय करील, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालच्या ‘टाटा सेल्युलर’ निकालात स्पष्ट केलेच आहे.

हा विचार केवळ शासनापुरता नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थेत केबल आणि इंटरनेटची सेवा कोणास द्यावी, हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे येतोच. तेथेही ‘संस्थेस सर्वाधिक भाडे देणारा’ हा एकच निकष लावला, तर ते भाडे पुढे सभासदांच्याच मासिक देयकातून वसूल होण्याची शक्यता असते. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, दरवाढ केव्हा व किती, करार संपल्यावर वाहिन्यांची मालकी कोणाची, हे प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी विचारावेत.

जी बोली शेवटच्या हप्त्यापर्यंत टिकते, तीच सर्वोत्तम होय.