किताब शहराला, भाडेवाढ कलावंताला

युनेस्कोने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईला चित्रपटांसाठी ‘सर्जनशील शहरां’च्या यादीत बसवले. त्याच वर्षी मे महिन्यात चेंबूरचा आर. के. स्टुडिओ एका बांधकाम कंपनीने विकत घेतल्याचे जाहीर झाले होते. १९४३ मध्ये सुरू झालेल्या गोरेगावच्या ‘फिल्मिस्तान’वर २०२५ मध्ये तीच वेळ आली. मालकांना बोल लावण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यापेक्षा बांधकामाचा एफएसआय जास्त कमावतो, तिथे दुसरे काय होणार?

प्रतिभावंत आले की मागोमाग भांडवल येते, हा ‘सर्जनशील शहरां’च्या कौतुकामागचा सिद्धान्त नगर-अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ मध्ये मांडला. फीत कापण्याजोगा असल्याने तो जगभरच्या महापौरांना आवडला. शहरांना एकमेकांशी झुंजवणारे जुनेच धोरण यातून नव्या कपड्यांत आले, अशी टीका भूगोलतज्ज्ञ जेमी पेक यांनी २००५ मध्येच केली. पुढे, २०१७ मध्ये, अशा शहरांत वाढलेल्या विषमतेवर खुद्द फ्लोरिडांनाच पुस्तक लिहावे लागले. हॅम्बुर्गच्या कलावंतांनी मात्र पुस्तकाची वाट पाहिली नाही. शहराच्या जाहिरातीत आमचे नाव वापरू नका, असे त्यांनी २००९ मध्ये बजावले आणि गेंगेफिअर्टेलमधल्या जुन्या इमारतींचा ताबा घेतला. गुंतवणूकदाराला विकलेल्या त्या इमारती महापालिकेला परत घ्याव्या लागल्या.

आपल्याकडे उलटेच. डिसेंबर २०२० मध्ये योगी आदित्यनाथ उत्तर प्रदेशातल्या नियोजित चित्रनगरीसाठी मुंबईत आले, तेव्हा ‘बॉलीवूड पळवले’ म्हणून केवढा गजर झाला! स्टुडिओंच्या जागी टॉवर उभे राहतात, तेव्हा मात्र सगळे चिडीचूप. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचे धोरण मंजूर केले. सवलतींमुळे कंपन्या येतीलही. लाइटमन आणि ज्युनिअर आर्टिस्ट विरारहूनच लोकलने लटकत येत राहतील. उद्या दुसऱ्या राज्याने जास्त सवलत दिली, तर त्या कंपन्या तिकडे जायलाही मोकळ्या.

स्टुडिओच्या भूखंडावर पुनर्विकासाला परवानगी देताना चित्रीकरणाचा मजला, तालमीची जागा आणि कामगारांसाठी भाड्याची घरे परवडणाऱ्या दरात राखून ठेवण्याची अट सरकारने विकास नियंत्रण नियमावलीत घालावी. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या जमिनींचा साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या मैदानांना आणि जवळपास तेवढाच सार्वजनिक गृहनिर्माणाला देण्याची अट १९९१ मध्ये होतीच. २००१ च्या दुरुस्तीने ती गिरण्यांच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि गिरणगावाच्या वाट्याला मॉल आले. नव्या अटीत तशी पळवाट ठेवू नये.