भाड्याच्या घरातील ‘फिटिंग’चा सौदा : व्यवहार दोघांचा, कळ तिसऱ्याच्या हाती

बंगळुरू, पुणे, हैदराबाद, गुरुग्राम यांसारख्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्या कुटुंबाला भाडे, अनामत रक्कम आणि दलाली यांच्या जोडीला अनेकदा आणखी एक मागणी ऐकावी लागते. घर सोडणारा भाडेकरू गिझर, इन्व्हर्टर, वातानुकूलन यंत्र, मच्छरजाळ्या आणि स्वयंपाकघरातील ट्रॉल्या यांची मिळून एक किंमत सांगतो. घर हवे असेल तर सामानही घ्या, असा त्याचा अर्थ असतो. घरमालक ‘तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणून बाजूला होतो. पैसे मोबाइलवरून जातात; कागद मात्र होत नाही.

वाद उभा राहतो तो दोन-तीन वर्षांनी, हेच कुटुंब घर सोडू लागते तेव्हा. भिंतीला ठोकलेल्या वस्तू घराच्याच आहेत, असे मालक सांगतो. कधी उलटे घडते. या वस्तू काढून भिंती पूर्ववत करून द्या, असा आग्रह धरला जातो आणि खर्च अनामत रकमेतून कापला जातो. ज्याने वस्तू विकल्या तो तोवर दुसऱ्या शहरात असतो.

वस्तू कोणाची, याचे उत्तर करारनाम्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. करार भाडेपट्ट्याचा असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८ चा खंड (एच) लागू होतो. करारात वेगळे ठरले नसेल, तर भाडेकरूने स्वतः जोडलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात. मात्र त्यासाठी घराचा ताबा त्याच्याकडे असला पाहिजे आणि घर मिळाले तशा स्थितीत परत केले पाहिजे. किल्ली दिल्यानंतर हा हक्क उरत नाही. मुंबई-पुण्यात रूढ असलेला ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार मात्र भाडेपट्टा नव्हे, तो केवळ वापराचा परवाना आहे. त्याला सुविधाधिकार अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम ६३ नुसार परवाना रद्द झाल्यास परवानाधारकाला सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळते. पण ती ‘ठेवू दिलेल्या’ सामानापुरती. परवानगीचा हा एक शब्दच पुढे महागात पडतो, कारण नव्या रहिवाशाने विकत घेतलेला गिझर मालकाने कोणाला ठेवू दिला होता, हे कोठेच लिहिलेले नसते.

किमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, चाळीस हजारांना घेतलेले यंत्र पाच वर्षे वापरून तीस हजारांना विकले जात आहे. वरचे पैसे यंत्राचे नसून घर मिळवून दिल्याचे असतात. मुंबईला हा प्रकार नवा नाही. तेथे त्याला पागडी म्हणतात. भाडेकरूने जागा सोडण्यासाठी पैसे घेणे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बेकायदा ठरवले होते. तरीही पागडी चालूच राहिली आणि अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने कलम ५६ द्वारे अशा मोबदल्याला मान्यता दिली. परंतु ती मान्यता संरक्षित भाडेकरूच्या हस्तांतरणीय हक्काला आहे. अकरा महिन्यांच्या परवानाधारकाकडे विकण्यासारखा असा हक्क मुळात नसतोच.

जर्मनीत अनेक घरे स्वयंपाकघराच्या कपाटांविना भाड्याने दिली जातात. त्यामुळे मागील भाडेकरूकडून ती विकत घेण्याची प्रथा तेथे जुनी आहे. तेथील कायद्याने केवळ घर रिकामे करण्यासाठी पैसे मागणारा करार निरर्थक ठरवला आहे. स्थलांतराचा सिद्ध होणारा खर्च तेवढा अपवाद. सामानाची किंमत प्रत्यक्ष मूल्याशी उघड विसंगत असेल, तर वरचा भाग परत मागता येतो. मूल्याच्या दीडपटीपुढची किंमत विसंगत, असा मापदंड तेथील न्यायालयांनी घालून दिला आहे. घर प्रत्यक्ष भाड्याने मिळाले नाही, तर सामानाचा सौदाही सामान्यतः गळून पडतो.

भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी घरांसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. गिझर, स्विच आणि स्वयंपाकघरातील फिटिंग्जची दुरुस्ती भाडेकरूकडे सोपवली. जुन्या आणि नव्या भाडेकरूंमधील विक्रीसाठी मात्र किमतीचा असा कोणताही मापदंड त्यात नाही. शिवाय हा कायदा राज्यांसाठी केवळ नमुना आहे. दाद मागायची तर दिवाणी न्यायालय उरते. वीस-पंचवीस हजारांसाठी तेथवर जाणे कोणाला परवडते?

म्हणून पावतीपेक्षा मालकाची सही अधिक मोलाची ठरते. विक्रेत्याची पावती पैसे दिल्याचे सिद्ध करते. वस्तू विकण्याचा अधिकार त्याला होता, हे ती सिद्ध करू शकत नाही. नव्या करारनाम्याला वस्तूंची यादी जोडून त्यांपैकी कोणत्या मालकाच्या, कोणत्या राहणाऱ्याच्या आणि घर सोडताना भिंतीवरील छिद्रे कोणी बुजवायची, एवढे लिहून घेण्यास अर्धे पान पुरते. अडचण आहे ती वेळेची. ही यादी करार नोंदवण्यापूर्वी मागावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी घरासाठी दुसरे कुटुंब दारात उभे असल्याचे दलाल सांगत असतो.