तपासणी हवी, पण न्यायाची

सार्वजनिक खजिन्यातून साहाय्य घेणारी व्यक्ती त्यास पात्र आहे की नाही, हे पाहणे शासनाचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेची पुढील वर्षी छाननी झाली, तेव्हा २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचा संशय आला आणि त्यांत १४ हजारांवर चक्क पुरुष निघाले! तेव्हा तपासणी नकोच, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ती कोणी, कोणत्या रीतीने आणि कोणाच्या देखरेखीखाली करावयाची, हा.

या प्रश्नाचे खरे स्वरूप राजधानीत नव्हे, सीमेवर उमगते. नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरचे रामाकोना हे असेच एक गाव. सौंसर तालुक्यातले हे गाव २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी मुलूख मागे राहिला. रेघ नकाशावर पडली. सोयरिकींवर पडली नाही. आजही इकडच्या लेकी सावनेर-काटोलकडे नांदावयास जातात आणि तिकडच्या सुना इकडे येतात.

अशी एखादी लेक महाराष्ट्रात साहाय्यासाठी अर्ज करते, तेव्हा तिच्या हाती काय असते? शाळेचा दाखला हिंदीत, आडनाव माहेरचे, आणि कुटुंबाच्या ‘समग्र’ नोंदीत नाव अजून मध्य प्रदेशातले. तिकडे २०२३ पासून ‘लाडली बहना’ योजना असल्याने दोन्हीकडून रक्कम घेतल्याचा संशयही यावयाचा. हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही, पण संशय म्हणजे निवाडा नव्हे. परराज्यात जन्मलेल्या विवाहितेच्या बाबतीत पतीचा दाखला ग्राह्य धरण्याचा निर्णय महाराष्ट्राने आरंभीच घेतला, हे योग्यच झाले. परंतु २०२५ मध्ये ओळख-पडताळणीसाठी पती वा वडिलांचा ‘आधार’ मागितला गेला आणि ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा स्त्रियांचे काय, हा विचार मागाहून सुचला. मग मुदत वाढविणे आले, नवी सोय करणे आले. नियम करणाऱ्यांच्या पंक्तीत सीमेवरची एखादी विधवा बसली असती, तर ही चूक पहिल्याच दिवशी ध्यानात आली असती.

घरोघरच्या पडताळणीचे कामही अंगणवाडी सेविकांवर सोपविले गेले. जिने कालपर्यंत शेजारणीचे अर्ज भरून दिले, तिनेच आज त्या शेजारणीचे नाव कापण्याची शिफारस करावयाची! ही व्यवस्था सेविकेवर अन्याय करणारी आहे आणि अर्जदारावरही.

कागदांच्या हट्टाने काय होते, हे इंग्लंडने दाखविले आहे. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे आलेल्या लोकांना उतारवयात साहाय्य, घरे आणि औषधोपचार नाकारले गेले. कित्येकांना देशाबाहेर घालविले गेले. त्यांच्या आगमनाच्या नोंदी मात्र खुद्द सरकारी खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केल्या होत्या. २०१८ मध्ये पंतप्रधानांना क्षमा मागावी लागली. ज्यांचे आप्त पोर्तुगीज पारपत्रावर त्या देशी गेले आहेत, त्या गोमंतकीयांना या गोष्टीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आणि आपल्या दाराशी काय आहे? दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य लागते. सावंतवाडीची लेक पेडण्यात आणि कारवारची काणकोणात सून म्हणून येते. अकाली वैधव्य आले, तर ती वर्षे मोजीत बसणार काय? वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्यातील वास्तव्याची अट ही कारभाराची सोय असू शकते. तिला नागरिकत्वाची कसोटी बनविता येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे तपासणी पथकांच्या प्रमुखांना आहे. किती नावे कापली, यावर कर्मचाऱ्याची कर्तबगारी मोजू नका. अपात्र किती सापडले याबरोबरच पात्र किती चुकून वगळले गेले, याचाही हिशेब ठेवा. सीमाभागात दोन्ही भाषांचे कागद वाचणारा माणूस नेमा. शेजारच्या राज्याची नोंद हवी असेल तर कार्यालयाने कार्यालयास पत्र लिहावे. त्यासाठी अर्जदार बाईची मजुरी बुडवू नये. ज्याने अर्ज भरला त्याच्याकडेच चौकशी नको. आणि लेखी कारण कळविल्यावाचून, म्हणणे ऐकल्यावाचून, कोणाचाही हप्ता थांबवू नये. थांबविलाच तर अपिलाचा निकाल ठरल्या मुदतीत लागावा.

यास वेळ लागेल, पैसाही लागेल. परंतु लबाडाला दिलेले पैसे पुढे वसूल करता येतात. पात्र असूनही दारातून परत पाठविलेल्या माउलीच्या घरी जे दिवस उपाशी गेले, त्यांची भरपाई कोणत्याही खजिन्यातून होत नाही.