ॲपच्या मूल्यमापनातून जातीचा रकाना कोण काढतं?

हजरतगंजच्या एका हॉटेलातल्या बैठकीत मला सांगण्यात आलं की जातीचा रकाना काढून टाका, त्यानं अहवाल 'पॉलिटिकल' होतो. विषय होता सरकारी शाळांतल्या मुलांसाठी आणलेल्या एका शिकवणी ॲपचं मूल्यमापन. मी त्या कामावर क्षेत्र-संशोधक होते. पीएचडीची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते तेव्हा अशी कामं करावी लागतात. ॲप बनवणारे, पैसे देणारे आणि मूल्यमापन करणारे एकाच टेबलाशी बसले होते. शाळेतला एकही शिक्षक तिथं नव्हता. पालक असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

माझं आडनाव लखनौत कुणाला लागत नाही. पांडे, यादव, गौतम, पासी हे इथं ऐकताक्षणी ओळखतात. मराठी आडनावाशी अडखळतात, आणि इंग्रजी बरं बोलते म्हणून मला आपल्यातलीच समजून मोकळेपणानं बोलतात. त्या दिवशीही एक गृहस्थ चहा ढवळत म्हणाले, "उन बच्चों के घर में माहौल ही नहीं होता." कोणती मुलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. रकाना फक्त कागदावर नको होता. डोक्यांत तो भरलेलाच होता.

हा रकाना नसला की काय होतं ते नीट बघा. ॲपचा परिणाम मोजायला दोन चाचण्या घेतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. मधल्या महिन्यांत ज्यांच्या घरी फोन नाही ती मुलं गळतात. ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर मजुरीला जातो, तीही गळतात. घरात भाऊ असेल तर बहीण आधी गळते. शेवटच्या चाचणीला उरतात ती ज्यांना फोन मिळत राहिला ती मुलं. त्यांची सरासरी काढली की आलेख वर चढतो. या चढात ॲपची करामत किती आणि गळतीची किती, हे वेगळं काढायचं तर गळालं कोण ते आधी बघावं लागतं. मी एका रात्री दोन्ही याद्या शेजारी ठेवून नावं जुळवली. गळालेली बरीचशी मुलं एकाच वस्तीतली निघाली. इकडे अनेक गावांत दलित वस्ती दक्षिणेला असते आणि तिला 'दखिन टोला' म्हणतात. आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हणतात, तसंच.

हे एकाच ॲपचं दुखणं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशासह पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमधल्या सुमारे 1,400 मुलांची पाहणी केली. शाळा बंद होऊन दीड वर्ष होत आलं होतं. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती 8 टक्के, आणि 37 टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. या पाहणीत जातीचा रकाना होता, म्हणून पुढचं कळलं: ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण 4 टक्के, इतर ग्रामीण मुलांत 15. त्याच काळात भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर एका शिकवणी ॲपचं नाव झळकत होतं.

"मुलांना जात विचारली तर त्यांना लाज वाटेल," असंही बैठकीत ऐकलं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जात आहे, यूडायसमध्ये प्रवर्ग आहे, शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो. तिथं कुणाला लाज वाटत नाही. लाज फक्त निकाल फोडून दाखवायची वेळ आली की वाटते, आणि ती मुलांना वाटत नाही.

लखनौनं वाटप भरपूर पाहिलं आहे. 2013 मध्ये समाजवादी पक्षाच्या सरकारनं लॅपटॉप वाटले, 2021 च्या डिसेंबरपासून भाजपच्या सरकारनं टॅबलेट आणि स्मार्टफोन. दोन्ही वेळा मोजणी झाली ती यंत्रांची. यंत्र घरी गेल्यावर ते कुणाच्या हातात राहिलं, हे कोण मोजणार?

शिक्षकांची गत वेगळी नाही. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात प्राथमिक शिक्षकांवर चेहरा ओळखणारी डिजिटल हजेरी लादली गेली. राज्यभर विरोध झाला आणि आठवड्याभरातच ती स्थगित करावी लागली. मास्तर शाळेत येत नाहीत ही दलित पालकांची तक्रार खरी आहे, ती मी खोडणार नाही. पण वर्गातल्या तंत्रज्ञानाची सुरुवात शिक्षकावर पहारा बसवून झाली, तर पुढचं प्रत्येक ॲप त्याला पहाराच वाटणार. याच देशात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ते स्वतःच्या वर्गाची अडचण बघून. तिथं काय लागतं ते शिक्षकानं ठरवलं होतं.

मूल्यमापन कसं करायचं हे आपल्याला 1882 मध्येच जोतीराव फुल्यांनी दाखवलंय. हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी शाळांची संख्या मोजून समाधान मानलं नाही. पैसा रयतेच्या करातून येतो, मग उच्च शिक्षणाच्या वर्गात बसतं कोण, हे त्यांनी विचारलं. शिक्षक कोणत्या जातीतून येतात, ते शूद्रातिशूद्रांच्या मुलांत मिसळतात का, हे विचारलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा तेव्हाचा सरकारी युक्तिवाद होता. आज तो 'आधी स्केल, मग इक्विटी' असा बोलतो.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत एक संगणक होता. खोलीला कुलूप, संगणकावर फुलाफुलांचं कव्हर, किल्ली हेडमास्तरांकडे. साहेब येणार असले की खोली उघडायची. झाडून काढायला आम्ही बुद्धवाड्यातल्या मुली, आणि माउस धरून साहेबांना चित्र काढून दाखवायला सरपंचाचा मुलगा. त्या वर्षीच्या कुठल्यातरी तक्त्यात आमची शाळा 'संगणक उपलब्ध' म्हणून गेली असणारच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी शाळेत शिरणाऱ्या प्रत्येक ॲपचा निकाल जात आणि लिंग यांनुसार फोडून जाहीर करा. गळालेल्या मुलांचा हिशेब वेगळा द्या. ॲप बनवणाऱ्यानं नेमलेल्या संस्थेचा अहवाल पुरावा म्हणून धरू नका. मुलांचा डेटा कुणाकडे जातो ते पालकांना त्यांच्या भाषेत सांगा, म्हणजे अवधीत, कचेरीच्या हिंदीत नाही. हे होत नाही तोवर त्या ॲपवर सरकारचा एक रुपयाही जाता कामा नये. 2025 च्या जूनमध्ये याच राज्यानं कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांना जोडायचा आदेश काढला. दाराशी असलेली शाळा गेली, तर ॲप कोणत्या वर्गात उघडणार?

बैठक संपल्यावर मी चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत चालत गेले. जयंतीला इथं हार घालायला सगळे पक्ष येतात. मला मात्र दखिन टोल्यातली एक आई आठवत होती. तिनं मला विचारलं होतं, फोन शाळेतच ठेवला आणि सुट्टीनंतर तासभर कुणी मुलांजवळ बसलं तर नाही का चालणार? घरी आणला की तो मुलगाच घेतो, मुलीला मिळत नाही. अहवालाच्या परिशिष्टात मी तिची ही सूचना जशीच्या तशी लिहिली होती. परिशिष्ट छापलंच नाही.