टन आणि घोडे

उन्हाळ्यानें बेजार झालेल्या मातोश्रींच्या खोलींत शीतयंत्र बसवावें, असें आमच्या घरीं ठरलें. दुकानदारानें दीड टनाचें सुचविलें. वडील बंधूंनीं घरीं येऊन हिशेब मांडला आणि ते म्हणाले, "हें तर सात घोड्यांचें यंत्र ! एवढ्या विजेचें बिल कोण भरणार ?" बेत मोडण्याच्या पंथास लागला.

हिशेब बरोबर होता. हा टन वजनाचा नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जी उष्णता लागते, तिच्या वेगाचें तें माप. म्हणजे तासाला १२,००० ब्रिटिश उष्णता-एककें. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचें प्रमाण ठराविक असतें, हें जेम्स जूल ह्यानें १८४५ सालीं पाण्यांत वल्हीं फिरवून दाखविलें. त्या प्रमाणानें एक अश्वशक्ति म्हणजे तासाला सुमारें २,५४५ एककें. सबब दीड टन म्हणजे सुमारें सात अश्वशक्ति.

चूक होती ती अनुमानांत. सात हा आंकडा खोलींतून बाहेर काढलेल्या उष्णतेचा. यंत्र ती उत्पन्न करीत नाहीं, हमालाप्रमाणें केवळ वाहून नेतें. त्या हमालीला वीज लागते ती साधारण दोन अश्वशक्ति, म्हणजे दीड किलोवॅट. आणि बिल येतें तें एवढ्याचेंच.

तेव्हां वाचकांनीं दुकानांत दोन आंकडे विचारावे: यंत्र उष्णता किती काढतें आणि वीज किती खातें. पहिल्यास दुसऱ्यानें भागून येणारी संख्या जितकी मोठी, तितकें यंत्र काटकसरी. बंधूंनीं भागाकार केला. मातोश्रींस आतां दुपारीं झोंप लागते.