प्रोग्रॅमिंगचे जर्नल कोणी लिहायचे?

कळंब, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची ओळख करून देण्याची गरज नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात तुमच्यापैकी काहींनी आपले प्रयोगही मांडले असतील. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. डोळ्यांत भरतात त्या या तबकड्या. पण त्यांनी टिपलेल्या लहरींपासून आकाशाचे चित्र तयार करण्याचे काम संगणक करतात. त्यासाठी प्रत्येक दोन तबकड्यांकडून आलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

आता सांगा, ३० तबकड्यांच्या अशा जोड्या किती होतील? सूत्र बाजूला ठेवू आणि मोजण्याचे काम संगणकालाच सांगू. नवशिका विद्यार्थी बहुधा असे लिहील: पहिली तबकडी १ पासून ३० पर्यंत घे, त्या प्रत्येकीबरोबर दुसरी तबकडी १ पासून ३० पर्यंत घे, दर वेळी मोजणीत एक मिळव. संगणक क्षणात उत्तर देतो, ९००. उत्तर चुकलेले आहे, पण संगणक कुरकूर करीत नाही. त्याला जे सांगितले ते त्याने इमानाने केले आहे.

मग काय करायचे? तबकड्या ४ च आहेत असे समजा आणि कागदावर ठिपके काढून रेघांनी जोडा. रेघा ६ होतात. आज्ञावली मात्र १६ म्हणते. हे वरचे १० आले कुठून? थोडे डोके खाजवल्यावर दिसते की ४ वेळा तबकडीची जोडी तिच्या स्वतःशीच लावली गेली, आणि उरलेल्या ६ जोड्या दोनदा मोजल्या गेल्या: एकदा पहिली-दुसरी म्हणून, एकदा दुसरी-पहिली म्हणून. दुसरी तबकडी नेहमी पहिलीच्या पुढच्या क्रमांकापासून घ्यायची, एवढी एक दुरुस्ती केली की ४ तबकड्यांसाठी ६ आणि ३० तबकड्यांसाठी ४३५ हे उत्तर मिळते. ९०० पासून ४३५ पर्यंत पोहोचायला अर्धा तास लागला असेल. माझ्या मते महाविद्यालयातील प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम म्हणजे असे अर्धे तास. बाकीचे सारे, म्हणजे स्वल्पविराम कुठे आणि अर्धविराम कुठे, हे पुस्तकात पाहून कोणालाही जमते.

दुर्दैवाने हाच अर्धा तास आपल्याकडे सर्वांत आधी गळतो. प्रात्यक्षिकाचे जर्नल पूर्ण झाले नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक जर्नल साऱ्या वसतिगृहात फिरते. ज्याने ते उतरवून घेतले त्याच्या वहीत ४३५ हे उत्तर अगदी सुवाच्य अक्षरात असते. ९०० शी मात्र त्याची गाठच पडलेली नसते. पुढच्या वर्षी आज्ञावली दोनशे ओळींची होते आणि चुकीचे उत्तर आले म्हणजे कुठून शोधायला लागायचे हे त्याला कळत नाही. ‘प्रोग्रॅमिंग आपल्याला जमण्यासारखे नाही’ असे तो मनाशी ठरवून टाकतो. हे नुकसान मार्कांच्या नुकसानीपेक्षा फार मोठे आहे.

यात गावाकडच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कळंबहून पुण्याच्या महाविद्यालयात गेलेल्या मुलीच्या शेजारी अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेऊन सी प्लस प्लस शिकलेला मुलगा बसतो. त्याची बोटे भराभर चालतात, आणि हिला वाटते की आपण मागे पडलो. वास्तविक पहिला अभ्यासक्रम पूर्वी काहीच न शिकलेल्यांसाठी असतो. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये अनेक वर्षे कोणत्याही शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘सी. एस. १०१’ हा विषय घ्यावा लागत आला आहे. तिथले प्राध्यापक अभिराम रानडे यांच्या पाठ्यपुस्तकात पहिलीच आज्ञावली पडद्यावरच्या कासवाकडून चौकोन काढून घेते. अमुक अंतर पुढे चाल, ९० अंशांनी वळ, असे चार वेळा. त्यासाठी लागणारी भूमिती तुम्हाला शाळेतच येते. तेव्हा शाळेतून बरोबर काय न्यायचे, असे कोणी विचारले तर मी सांगेन की गणित, आणि दिलेले उदाहरण आधी कागदावर लहान करून पाहण्याची सवय.

ही सवय जुन्या पिढीला सक्तीने लागली होती. कानपूरच्या आय. आय. टी. त १९६३ साली संगणक आला, तेव्हा आज्ञावली पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून लिहीत. अशी कार्डांची चळत संगणकाकडे सोपवली की उत्तरासाठी वाट पाहावी लागे. साहजिकच चळत देण्यापूर्वी प्रत्येक ओळ कागदावर तपासली जाई. आज उत्तर तत्काळ मिळते; म्हणून अंदाजाने एक आकडा बदलून पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याचा मोह होतो.

आणि आता तर विचारल्याबरोबर अख्खी आज्ञावली लिहून देणारी बोलकी यंत्रे आली आहेत. त्यांच्यावर सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. बंदी पाळली जाते की नाही हे पाहणार कोण? पण पहिल्या सहा महिन्यांत ती दूर ठेवावीत. तसे पाहिले तर फिरत्या जर्नलात आणि या यंत्रांत फरक एवढाच की यंत्र मध्यरात्रीही जागे असते.

शिक्षकांनी यावर काय करावे? नक्कल पकडणारी साधने आहेत. १९९४ साली अमेरिकेत तयार झालेली ‘मॉस’ ही प्रणाली दोन आज्ञावल्यांची ठेवण ताडून पाहते. चलांची नावे बदलली तरी ती सहसा फसत नाही. परंतु पोलिसी खाक्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पाच मिनिटे शेजारी बसून ‘ही ओळ काढून टाकली तर काय होईल?’ एवढेच विचारणे. ज्याने स्वतः लिहिले तो सांगतो. वर्गात चाळीस-पन्नास मुले असताना हे अवघड आहे, मान्य. पण प्रत्येक तासाला सात-आठ जणांना विचारले तरी सहामाहीत सर्वांची पाळी अनेकदा येते. मुलांनी फळ्यापाशी उभे राहून आपापसांत खुशाल वाद घालावा. लिहायला मात्र एकेकट्याने बसावे, आणि कोणी मदत केली असेल तर त्याचे नाव वर लिहावे. चुकलेले उत्तर आणि ते कसे दुरुस्त केले, हेही जर्नलात हवे व त्याला गुण हवेत. आज निव्वळ बरोबर उत्तराला गुण मिळतात, म्हणून सारे बरोबर उत्तर उतरवतात.

मुदतीबाबत कडक राहावे, पण आधी प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवावी. ज्याच्या घरी संगणक नाही आणि ज्याला शेवटची एसटी गाठायची आहे, त्याला रात्री बाराची मुदत देऊन काय उपयोग?

आता दुर्बिणीकडे वळू. खगोलशास्त्रज्ञ तबकड्यांच्या जोड्यांप्रमाणे तीन-तीनांचे गटही घेतात. संकेतांत शिरलेल्या काही चुका त्यामुळे आपसांत कटून जातात. ३० तबकड्यांचे असे किती गट होतील? आधी ४ तबकड्यांसाठी कागदावर मोजा. ४ च गट सापडतील. मग आज्ञावली लिहा, शाळेत संगणक नसेल तर वहीत मराठीतूनच ओळीने सूचना लिहा. ३० साठी उत्तर ४,०६० यायला हवे. आज्ञावली आम्ही इथे छापत नाही.